हिरव्या रश्श्याचा भाग

अनीश, रेवा,

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही — तुमच्या आईलासुद्धा नाही. मराठीत लिहिते आहे, कारण ते खोटं मी अगदी घडीव इंग्रजीत बोलले होते. रेवा, एखादा शब्द अडला तर आईला विचार.

आत्ताच का? गेल्या रविवारच्या कॉलवर आपली अंतराळयानाची मालिका संपल्याचं बोलणं चाललं होतं. त्यातला सगळ्यात टाकाऊ भाग कोणता, ते अनीशने जाहीर केलं आणि रेवाला विचारलं, बरोबर ना? रेवाने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या, आणि होकाराची मान हलवली. मीही हलवली. कॉल संपल्यावर मी ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला — आणि लिहायला बसले.

तो भाग तुम्हाला आठवतोच. आदल्या आठवड्यात शत्रूची यानं तोफा रोखून उभी, आता काय होणार म्हणून सगळे अधीर. आणि या भागात काय? कप्तान आपल्या माणसांना घेऊन इंधन मागायला एका ग्रहावर उतरतो, आणि तिथला घरमालक — स्पंजचं अंग, तीन हात, खांद्याशी उसवलेली शिवण स्पष्ट दिसणारा — त्यांना जेवल्याशिवाय सोडत नाही. पूर्ण भाग नुसतं जेवण. पाहुणे उठले की तो आणखी एक वाडगं ओततो. लढाई नाही, स्फोट नाही. लोक भडकले. इंटरनेटवर लेखकाला शिव्यांची लाखोली. अनीश, तू तर धुमसतच होतास.

आणि मी? — सांगते. पण आधी त्या आठवड्यातल्या शनिवारची दुपार सांगायला हवी.

शेजारच्या शबानाभाभी आल्या होत्या. आमच्या दोघींची कांदा-लसूण चटणी दरवर्षी एकत्रच होते; तुमच्याकडे येते तीच. मिरच्यांचे देठ काढत बसलो होतो आणि तो भाग लावलेला टॅब मी पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी मराठीत सांगत होते — सुरुवातीला नीट, वर्गात सांगावं तसं. मग तो स्पंजवाला तिन्ही हात पसरून दारात आला आणि त्याचं वाक्य माझ्या तोंडून आपसूक बाहेर पडलं, "या पावणं, बसा की. जेवल्याबिगर जायाचं न्हाय."

माझी सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली. 'न्हाय' म्हटलेलं या घरात चालत नसे — विचारा तुमच्या आईला. पण त्याच्या तोंडी ते असं बसलं, की पुढे मी थांबलेच नाही.

शबानाभाभींना कशाचंच नवल वाटलं नाही. शत्रू जवळ आलाय असं सांगत कप्तान पुन्हा उठला, तेव्हा त्या हातातली मिरची खाली ठेवून म्हणाल्या, "असं कसं जाऊ दील ओ बाई? दारात आल्यात न्हवं?" वाडग्यात हिरवं काहीतरी पडलं. "तांबडा झाला, पांढरा झाला, आता हिरवा रस्सा," त्या म्हणाल्या. आम्ही इतक्या हसलो, की माझा मिरचीचा हात डोळ्याला लागला. डोळे धुऊन आल्यावर चुकलेलं पुन्हा मागे नेऊन पाहिलं.

सगळं जग म्हणत होतं, हे अशक्य आहे — लढाई तोंडावर असताना कोण कुणाला जेवायला बसवतं? अरे, मुरगूडच्या आत्यांनी तुमच्या आजोबांची एसटी अशीच चुकवली होती, एकेक पोळी वाढून! त्या मालिकेत मला इतकं खरं दुसरं काही दिसलं नव्हतं.

मग रविवार आला. अनीश, तू बराच वेळ बोललास, आणि चांगले मुद्दे मांडलेस. मला आवडला, हे मी म्हणणारच होते. तेवढ्यात तू म्हणालास, आज्जी, तू एवढी वर्षं साहित्य शिकवलंस, तूच सांग. आठवड्यातला तो एक तास — त्यात मी सगळं कळणारी आज्जी असायची. ती जागा मला सोडवेना. मी म्हटलं, असल्या लेखकाला मी वर्गाबाहेर उभं केलं असतं. तू खदखदून हसलास. काय सांगू, किती गोड लागलं ते!

एवढंच असतं, तर हे पत्र लिहिलं नसतं. कुणाला आवडतं, कुणाला नाही — मालिकाच ती. पण रेवा, तू तेव्हा आठ वर्षांची होतीस. पांघरुणातून तोंड बाहेर काढून तू म्हणालीस, "मला आवडला. तो तीन हातवाला आज्जीसारखा आहे. आपण निघालो, की तीपण असंच वाढते."

माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी कधी बोललं असेल का? आणि मी काय केलं? अनीश हसताना दिसला. स्पंजचं अंग, तीन हात, उसवलेली शिवण — मला लाज वाटली. त्याच वर्गातल्या आवाजात मी तुला म्हटलं, "चांगलं काय, वाईट काय, हे कळायला तुला अजून वेळ आहे, रेवा."

तू पांघरूण पुन्हा तोंडावर ओढलंस. त्याआधी प्रत्येक भागावर पहिली तूच बोलायचीस — शेवटची नावं सरकत असतानाच तुझा फोन यायचा. त्यानंतर तू थांबायला लागलीस. दादा काय म्हणतो, आज्जी काय म्हणते, ते पाहून मग बोलायला लागलीस. मला ते दिसत होतं. दर रविवारी दिसत होतं, आणि मी कथानकाच्या बांधणीवर बोलत राहिले.

अनीश, तुझी काहीच चूक नाही. तू जे वाटलं ते बोललास. आपल्या तिघांत खोटं बोलणारी एकटी मी होते, आणि बोलणं खुंटलं ते खरं बोलणारीचं.

रेवा, तो भाग मला तू बोललीस त्या दिवशीही आवडला होता. अजूनही आवडतो.

— आज्जी