पाण्यावरून आलेली हाळी

आधीच सांगते... मी केमिस्ट्रीवाली. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी चारचौघांत तोंड भरून सांगते. कामून नको सांगू? अंगात येणं, करणी, उतारा — यातलं मी काहीच मानत नाही. चुलतीच्या अंगात यायचं तेव्हा मी बाजूला बसून तिची नाडी बघायचे. तरी हे लिहितेय, कारण ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.

बिदरहून कमठाण्याच्या पुढं गेलं की धरणाचा फुगवटा लागतो. त्याच्या काठाला, जंगलाला लागून, नागम्मा अक्का नावाच्या शेतकरी बाईनं चिंचेच्या झाडांवर बांबूच्या खोल्या बांधल्यात. ट्री-हाऊस. चढायला शिडी, पांघरायला घोंगडी, जेवायला चुलीवरची भाकरी नि शेंगाची चटणी. हैदराबादची मंडळी हौसेनं येतात, काळवीट आणि मोर बघायला.

मी गेले ते अप्पांसाठी — म्हणजे माझ्या वडलांसाठी. आई गेल्यापासून ते मैलूरच्या घरात भिंतीकडं तोंड करून बसायचे. डोळ्यांना सगळं धूसर दिसतं. आणि त्या फुगवट्याखाली आमचं शेत आहे... मी शाळेत असताना धरणात गेलेलं.

शिडीवरून वर आल्यावर अप्पांनी बांबू चाचपले आणि हसले. कित्येक महिन्यांनी!

"ह्येला पैसे देऊन ऱ्हायलेत लोकं? आपुन फुकटात ऱ्हात व्हतो की माळ्यावर!"

खरंच होतं ते. ज्वारीत चार खांबांवर बांधलेला आमचा माळा. अप्पा राखण करायचे, मी कंदिलापाशी सातवीचं विज्ञान वाचायचे. खाली हुरड्याच्या आगटीचा धूर, वर थंडीनं कडकडणारे दात. डुकरं येऊ नयेत आणि राखणदारांना डुलकी लागू नये म्हणून हाळी फिरायची — एकानं "होऽऽय हाऽऽ" करायचं, शेजारच्या माळ्यानं ते उचलायचं. अप्पांचा घसा लगेच बसायचा, म्हणून आमच्या माळ्याची हाळी माझ्याकडं होती. आमच्यानंतर बसण्णा, शेवटी 'हर' जोडणारा. त्याच्यानंतर काशीअक्का, तिचा आवाज टोकाला कोंबडीसारखा चिरकायचा. आम्ही पोरं तिची नक्कल करायचो. दोघंही आता हयात नाहीत.

"अप्पा, औंदा पाणी लई मागं सरलंय," संध्याकाळी भाकरी वाढताना नागम्मा अक्का म्हणाली. "जुने बांध उघडे पडलेत बघा."

अप्पांचा घास हातातच राहिला. "सरू, सकाळी जाऊन बांधाला हात लावून येतो."

"अप्पा, गाळ हाय तिथं. फसाल."

"व्हय अप्पा," अक्का म्हणाली. "मागल्या साली माझी म्हैस गेली की त्या गाळात."

"म्हशीला बांध कुठं म्हाईत ऱ्हातोय?" अप्पा म्हणाले. आम्ही दोघी हसलो. चुकलंच आमचं.

उजाडताना मला जाग आली तर अप्पांची घोंगडी रिकामी. काठी नाही, चप्पल नाही. बाहेर अशी धुई की चिंचेची पुढची फांदीसुद्धा दिसेना. माझ्या ओरडण्यानं अक्का धावत आली.

"अय्यो! तू खाली येऊ नको गं, तूबी फसशील! वरून आवाज देत ऱ्हा. आवाजावर येतील."

ती काठी टेकत काठाकडं गेली. मी "अप्पा... अप्पा..." करून घसा फोडला. धुई सगळं गिळायलीय असं वाटायलं. मग काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून आपसूक निघालं — होऽऽय हाऽऽ!

आणि पाण्याच्या बाजूनं उत्तर आलं. बाईचा आवाज, टोकाला चिरकलेला. त्याच्या पलीकडून जाड, पुरुषी, शेवटी 'हर'. आणि त्याच्याही पलीकडून, अगदी बारीक... माझे अप्पा.

मी हाळी देत राहिले. दर वेळी तोच क्रम, माळ्यावरच्या हाळीच्या बरोबर उलटा; कारण आता आमच्या शेताच्या टोकाला अप्पा होते. अप्पांचा आवाज मात्र जवळ जवळ येत गेला.

"कोण गं ती माणसं तिकडं?" खालून अक्कानं विचारलं. म्हणजे तिनंही ऐकलं होतं!

अप्पा धुईतून आले ते गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून, मुठीत ओली काळी माती. मी उतरून त्यांच्यावर ओरडले, रडले, सगळं केलं.

"बांध सुटला गं पायाखालचा," ते म्हणाले. "काय करावं कळंना. मग हाळी आली. आधी बसण्णाकडं आलो, तिथनं काशीअक्काकडं, तिथनं तुझ्याकडं." गावाला जाताना लागणारे बसथांबे सांगावेत तसं.

तुम्ही म्हणाल, प्रतिध्वनी. प्रतिध्वनी माझ्याच आवाजात यायला हवा, त्याला 'हर' कुठून फुटेल? मासे धरणारे? धुईत कुणीच उतरलं नव्हतं, अक्कानं चौकशी केली. पुढं मी मुद्दाम एकदा अशाच धुईत जाऊन तिथून हाळी दिली. टिटवीशिवाय कुणी बोललं नाही.

त्या सकाळी अक्कानं चहा आणला तर अप्पा कप घेईनात.

"आधी पोचलो म्हणून सांग."

"कुणाला?"

"हाळी दिलीस, आता मिटव की. न्हाईतर माणूस आला का न्हाई म्हणून बघायला निघतील ते."

मी, फर्स्ट क्लास बी.एससी., परत शिडी चढले. पाण्याकडं तोंड करून पूर्ण दमानं हाळी दिली. तिकडून काहीच आलं नाही.

"झालं," अप्पा म्हणाले आणि कप हातात घेतला.

ते आवाज कुणाचे होते याचं उत्तर माझ्याकडं आजही नाही. शेवटची हाळी का दिली, ते मात्र सांगते. माझा माणूस परत आला होता... आणि त्या दोघांना तिकडं धुईत ताटकळत ठेवणं मला बरं वाटलं नाही.