बारीक अक्षरं

कोड लिहायचा एडिटर मी आला तसाच वापरायचो. त्यात काही बदलावं असं कधी डोक्यातच आलं नाही. पुण्याहून चेन्नईला आलो तेव्हा ऑफिसात शेजारी एक तंजावरकडची मराठी बाई बसायची. वयानं मोठी म्हणून मी तिला अक्का म्हणायचो. माझा पडदा बघून ती हसलीच. "भाड्याच्या घरांतही खिळा ठोकतात की रे, कण्णा!"

मला बाजूला सारून तिनं स्वतःच्या खात्यानं माझा एडिटर उघडला. फायलींची यादी उजवीकडे गेली, पांढरा पडदा गर्द हिरवा झाला, कर्सरचं लुकलुकणं थांबलं. अक्षरं मात्र मुंगीएवढी. मी कुरकुरलो आणि मग सवय झाली. खातं एकच, त्यामुळे तिनं घरी काही बदललं की माझ्याकडेही बदलायचं. वेगळं करू करू म्हणत ते राहूनच गेलं.

उन्हाळ्यात अक्का अचानक गेली. तिच्या खुर्चीवर दुसरं कुणी आलं. हिरवा पडदा मला काढवेना.

एका दुपारी जेवून येऊन बसलो, तर माझ्यासमोर अक्षरं आपोआप मोठी झाली. हात कीबोर्डवर नव्हताच. मी ती लहान केली. दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास पुन्हा मोठी. मग हे रोजचंच झालं. तिच्या घरच्या कंप्युटरवरून हे येतंय, एवढं मला कळत होतं. पण घरी फक्त तिची आई, आणि आई टीव्हीच्या रिमोटलाही घाबरते असं अक्काच सांगायची. एसीत बसून मला घाम फुटायचा. शेवटी मी लहान करणंच सोडलं. मोठी तर मोठी, म्हटलं.

शनिवारी धीर करून मांबलमला तिच्या घरी गेलो. आईनं कॉफी दिली. टेबलावर तोच हिरवा पडदा चालू होता.

"दुपारीं इथं बसतें," आई म्हणाली. "तिनं लिहिलेलं बघतें. कळत नाहीं कांहीं. अक्षर बारीक म्हणून शेजारणीनं दोन बटणं दाखवलीं, मोठं करायला."

मला हायसं वाटलं. सगळं सांगून टाकणार, तेवढ्यात ती जवळ सरकली.

"मी मोठं करतें न, दुसऱ्या दिवशीं बारीक झालेलं असायचं. तिला बारीकच लागत होतं. रोज भांडायची माझ्याशीं." ती पडद्याकडे बघत राहिली. "आतां बारीक होत नाहीं रे. कोपली काय माझ्यावर?"

मी कॉफीचा पेला खाली ठेवला. "नाही हो, अम्मा," एवढंच म्हणालो.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी अक्षरं बारीक केली. दुपारी कामात लक्ष लागेना. मी पडद्याकडे बघत बसलो, आणि ती मोठी झाली.