वाघमारे सिस्टरांचे दोन हात

माझी मान आज धडावर सरळ आहे ती एका बाईच्या हट्टामुळे.

त्या बाई आज पहाटे गेल्या.

वाघमारे सिस्टर. पिंपरीतल्या एका कंपनीच्या दवाखान्यात नर्स होत्या, राहायला काळेवाडीत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नववीत होते, शाळेच्या कबड्डी टीममध्ये चढाई करायचे आणि डोक्यात हवा पार गच्च भरलेली.

तेव्हा शाळेच्या टीमला फिजिओ-बिजिओ काही नसायचं. पीटीचे सर असायचे. पाय मुरगळला की हळद, रक्त आलं की मैदानातलीच माती, आणि वर "रडतेस काय?"

आमच्या हेडमास्तरांनी मात्र सिस्टरांना विनंती केली होती, मॅचला येत जा म्हणून. त्या फर्स्ट शिफ्ट संपवून यायच्या. पांढरी साडी, काखेत पत्र्याची पेटी.

आम्हाला त्यांचा भारी वैताग. मॅचआधी रांगेत उभं करून सगळ्यांची नखं कापायच्या. काचेच्या बांगड्या उतरवायच्या, केसांतल्या पिना काढायला लावायच्या.

"कबड्डीला चाललोय की ऑपरेशनला?" मी एकदा मोठ्यानं विचारलं.

"तुझ्या नखानं दुसरीचा डोळा गेला तर ऑपरेशनलाच जावं लागेल," सिस्टर म्हणाल्या, आणि माझं नख जरा जास्तच कापलं.

मग ती फायनल. आमच्याच मैदानावर.

मी चढाईला गेले, तिघींनी पाय धरले आणि मी डोक्यावर आपटले.

सगळं मैदान धावून आलं. कुणी म्हणे पाणी पाजा. कुणी नाकाला लावायला कांदा आणायला पळालं. कुणी मला उठवून बसवायला काखेत हात घातले. सगळी आपलीच माणसं, सगळ्यांची माया खरी.

"हात काढा!"

सिस्टरांचा असा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता.

त्या माझ्या डोक्यामागे मातीत पालथ्या झोपल्या. त्याच पांढऱ्या साडीत. कोपरं जमिनीवर रोवली आणि दोन्ही तळव्यांत माझं डोकं धरलं.

मला त्यांचा चेहरा उलटा दिसत होता. हनुवटी वर, कपाळ खाली.

"मान हलवायची नाही बाळा. हो म्हणायलासुद्धा नाही. तोंडानं बोल. बोटं हलतात का?"

हलत होती, पण हातांना मुंग्या येत होत्या. मी घाबरून रडायला लागले.

"मी हात सोडणार नाही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत अप्पा आले, माझे वडील. शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या खाकी ड्रेसमध्येच मॅच बघायला आले होते. आम्ही मूळचे पिंपळे गुरवचे, आणि अप्पांच्या आवाजाला अख्खी आळी वचकून असायची.

"बाजूला व्हा बाई. माजी पोरगी हाय. मी उचलून नेतो."

"तुमचीच आहे दादा. म्हणून तर सांगते, उचलू नका. आत मानेचं हाड मोडलं असेल अन् ते सरकलं, तर ती पुन्हा चालायची नाही."

"तुमी डॉक्टर हाय का?"

"नाही. पण हात सोडणार नाही."

अप्पा तसेच उभे. मुठी आवळलेल्या.

मग सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, लेकीच्या डोळ्यांवर ऊन येतंय. तेवढं अडवा."

अप्पांनी अंगातला शर्ट काढला आणि बनियनवर, दोन्ही हातांनी तो शर्ट आमच्यावर धरून उभे राहिले. घरात पाण्याचा तांब्याही स्वतः न उचलणारा माझा बाप.

कंपनीचा टेम्पो येईपर्यंत ऊन कलायला लागलं होतं.

सिस्टरांच्या गालावर एक मुंगळा चढला. डोळ्यापर्यंत गेला. त्यांनी फक्त डोळा मिटला.

त्यांचे खांदे थरथरत होते. हात नाही. मला अजून कळत नाही, हे माणसाला जमतं कसं.

पोरींनी वर्गातला फळा काढून आणला. सिस्टरांच्या इशाऱ्यावर सगळ्यांनी मिळून मला एकदम त्यावर घेतलं. फळ्यावरचं गणित माझ्या पाठीवर उमटलं, असं आई नंतर हसत आणि रडत सांगायची.

पुण्यापर्यंतच्या खडबडीत रस्त्यावर टेम्पोत गुडघ्यांवर बसून त्यांनी माझं डोकं तसंच धरलं होतं.

एक्सरे काढला. मानेच्या हाडाला चीर गेली होती.

कबड्डी सुटली. पण मी चालले. लग्नात नाचले. दोन पोरं कडेवर घेऊन फिरले.

त्यानंतर दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन अप्पा स्वतः काळेवाडीला जायचे. दुसऱ्या कुणाच्या हाती डबा द्यायचे नाहीत.

आज माझ्या नातीच्या फुटबॉल टीमला फिजिओ मॅडम आहेत, आईसबॉक्स आहे. नात कुरकुरते, "आजी, त्या सारख्या नो म्हणतात."

म्हणू देत गं बाई. त्यांनी नो म्हणण्यातच सगळं आलं.

दुपारी सिस्टरांच्या घरी गेले. बुद्धवंदना चालू होती. गर्दीत जागा मिळाली ती नेमकी त्यांच्या उशाशी.

वाकून पाहिलं तर तोच चेहरा. उलटा. हनुवटी वर, कपाळ खाली.

मी दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं धरलं. बराच वेळ.

सिस्टर, आता हात सोडा.

मी नीट आहे.

जय भीम.