आईच्या आंब्याची बरणी

आमचे हे, म्हणजे दिनानाथ, चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर लोखंड कातत होते. निवृत्त झाल्यावर तुळिंजला गाळा घेऊन लाकडावर उतरले. तिथवर ठीक होतं. पण गेल्या वर्षी जूचंद्रला माझ्या आईचं आंब्याचं झाड घरावर कललं आणि ते पाडायला माणसं ह्यांनीच आणली. त्या दिवसापासून आईने ह्यांच्याशी बोलणं टाकलं. "मीरा, तुज्या नवऱ्याला चा पायजे का इचार," असं ती मला सांगायची, आणि नवरा समोरच बसलेला.

ह्यांना ते फार लागलं. बुंध्याचा एकच ओंडका ह्यांनी मागे ठेवला होता. त्याची बरणी करून आईला द्यायची आणि तिला बोलतं करायचं, असं डोक्यात घेतलं.

ओलं लाकूड लेथवर चढवलं. बाहेरचा आकार झटकन आला, आतून पोखरणं मात्र आंधळेपणाचं काम. तोंड लिंबाएवढं. त्यातून वाकडी पटाशी आत घालायची आणि किती जाडी उरली ते नुसत्या आवाजावरून ओळखायचं. जरा जास्त गेलं की बरणी फुटली. शेवटी ह्यांनी गाळ्यातले दिवे घालवले आणि मला बारीक बल्ब आत सोडायला लावला. ओल्या लाकडातून उजेड पाझरला, केशरी, सगळीकडे सारखा, म्हणजे जाडीही सगळीकडे सारखी. साठीच्या आम्ही दोघांनी त्या भुशात चक्क फेर धरला. माझ्या अंबाड्यातून दोन दिवस ढलप्या निघत होत्या.

मग झाकण. व्हर्नियर लावून, केसाचाही फरक नाही असं मला तीनदा ऐकवून बसवलं. बरणी तिच्याच भुशात पुरून महिनाभर वाळत ठेवली. काढली तर तोंड लांबगोल झालेलं आणि झाकणही. लोखंड काही वाळून आक्रसत नाही, तीच सवय नडली. हे रडवेले झाले, मला हसू आवरेना, त्यावरून आमचं वाजलं. दुसरं लाकूड नव्हतं. तशीच घेऊन गेलो.

आईने बरणी मांडीत घेतली. झाकण बसेना. हे भिंतीकडे बघत होते. ती ते फिरवत राहिली आणि एका जागी खट्कन बसलं. तिने पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं, चार-पाच वेळा.

"जावय," ती म्हणाली, "झाडपन असंच होतं. एकाच बाजूनं चढता यायचं. बसा, भात वाढते."

हे माझ्याकडेच बघत राहिले, मी निरोप सांगेन म्हणून.

"अहो, तुमच्याशीच बोलतेय ती," मी म्हटलं. तेव्हा कुठे हे मांडी घालून बसले, आणि भात पानात पडायच्या आधीच डोळे पुसायला लागले.