गड्याची आवस

“तू अ‍ॅक्टिंग करूच नकोस,” साहेब म्हणाले. “नुसतं बोल. तू तोंड उघडलंस की लोक हसतात.”

सगळे हसले. मीही हसलो. इथं आखातात, खलिफा सिटीतल्या त्यांच्या घरी मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम चालली होती. सोफ्यावर बँकवाले, आयटीवाले, त्यांच्या बायका. मी मुसफ्फाच्या कामगार कॅम्पवरून आलेला एसी मेकॅनिक. साहेब आमच्याच कंपनीतले मॅनेजर. मी साइटवर घरी फोन करत होतो तेव्हा त्यांनी माझी मालवणी ऐकली आणि मला गड्याचं काम दिलं. नाटकातला गडी आमच्यासारखं बोलतो. मालक कधीच नाही.

त्यांची मुलगी जिन्यावर बसून बघत होती. तिनं विचारलं, “बाबा, इज दॅट रिअल मराठी?”

“नो बेटा. दॅट्स व्हिलेज मराठी.”

म्हणजे माझी खोटी. शाळेत छड्या खाऊन मी तुमची मराठी शिकलो. हे लिहितोय तेही तिच्यातच. माझी शिकायला तुम्हाला कुणी मारलं?

चहाच्या वेळी साहेबांनी शेजारी बसवून घरची चौकशी केली. मला बरं वाटलं. परमुलखात आपलं कोणी विचारतंय, एवढ्यावर माणूस विरघळतो. मी सांगितलं, मागच्या वर्षी आई गेली. सुट्टी मिळाली नाही. फोनवर कळलं तेव्हा तू काय म्हणालास, असं त्यांनी विचारलं. तेही सांगितलं. कॅम्पच्या खोलीत बोललो होतो ते, जसंच्या तसं.

पुढच्या रविवारी ते वाक्य नाटकात होतं.

पहिल्या अंकात मालकाचा बाप मरतो. मालक हळू आवाजात शुद्ध मराठीत दोन वाक्यं बोलतो, मागे बासरी वाजते. वहिनी, म्हणजे साहेबांच्या मिसेस, दर तालमीला डोळे पुसायच्या. दुसऱ्या अंकात आता गड्याची आई मरत होती. कसं बोलायचं ते दाखवायला साहेब स्वतः उठले. तोंडात बटाटेवडा तसाच. मान वाकडी केली, आवाज नाकात नेला आणि हेल काढत म्हणाले, “आवस गेली माजी, माका तिचां तोंड पण बघूक गावलां नाय.”

हॉल हसून लोटपोट. वहिनींनी परत डोळे पुसले, हसून हसून पाणी आलं म्हणून.

“इथे पॉज घे,” साहेब मला म्हणाले. “मोठा लाफ आहे. यल्ला, चल, परत एकदा.”

त्यांच्या ओठाला वड्याचा चुरा लागला होता. त्याच ओठांवर माझी आवस. मला किळस आली. हाच माणूस ऑफिसात गोऱ्या जनरल मॅनेजरसमोर उभा असतो. तो गोरा भर मीटिंगमध्ये यांच्या इंग्रजीची नक्कल करतो. मी तिथं एसी दुरुस्त करताना पाहिलंय. साहेब हसतात आणि त्यांचे कान लाल होतात. म्हणजे कसं लागतं ते यांना पक्कं ठाऊक आहे. ठाऊक असून हे. म्हणून जास्त किळस.

मी म्हणालो, “ह्यां वाक्य मी बोलूचंय नाय.”

तर ते पुन्हा हसले. माझ्या नकारालाही हसले. कोणीतरी म्हणालं, हेच टाका ना नाटकात, मस्त आहे.

साहेब म्हणाले, “अरे, पर्सनली नको घेऊस. कॉमेडी आहे.”

माझी आई मेली होती. आणखी पर्सनल काय असतं? मी कागद टीपॉयवर ठेवले आणि चपला घालून बाहेर पडलो. मागे कोणी आलं नाही. गडी दुसरा मिळतो.

पुढच्या आठवड्यात माझी ड्युटी गच्चीवरच्या मशीनवर लागली. भर ऑगस्टात. पान्याला हात लावला तरी चटका बसतो. कारण कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

साहेब राउंडला येतात. पूर्वी मी त्यांच्याशी त्यांच्यासारखं बोलायचो. शब्द जपून, घाबरून. ते बंद केलं. आता मालवणीतच सांगतो. कॉम्प्रेसर गेला तरी, गॅस संपला तरी. समजलं नाही तर त्यांनी परत विचारावं. हसले तर मी पाना खाली ठेवतो आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. हसून झालं की तेच वाक्य परत म्हणतो, एक शब्द न बदलता. नोकरी जायची असेल तर जाऊ दे. जाताना काय म्हणायचं, तेही मालवणीतच म्हणेन.