तांब्याचा बिल्ला

"टोपल्या सांभाळा गं, चोरटी आली!"

भाजीवालीने एवढंच म्हटलं. शेजारी उपरणं घेतलेले एक गृहस्थ वांगी निवडत होते. ते मान वर न करता म्हणाले, "एक हात सरकारजमा झाला. दुसरा कधी भरणार, बाई?"

सगळा बाजार हसला.

बाळांनो, पेशवाई संपत आली होती तेव्हा. चोराचा उजवा पंजा मनगटापासून तोडत. माझाही तिथूनच गेला होता, पण दारूखान्यात. तोफेची दारू कुटताना ठिणगी पडली. हे मी कुणाला सांगितलं नाही. हात पदराखाली घेतला आणि परतले. पुढे घरातही तो पदराखालीच. मीसुद्धा त्याच्याकडे बघत नसे.

हातपाय गमावलेले आम्ही दुपारी नदीकाठच्या चिंचेखाली जमायचो. हसनचाचाचा पाय माझ्यासारखा दारूखान्यातच गेला होता. भिवाचा हात. पण भिवा खरोखरीचा चोर. दुष्काळात त्याने सरकारी कोठारातली ज्वारी उचलली होती. परातीखाली ओलं फडकं घालून एका हाताने भाकरी थापायला मला त्यानेच शिकवलं. एकदा पदराकडे बोट करून म्हणाला, "त्याला काय थंडी वाजती? तू बघत न्हाईस, म्हणून लोक बघत्यात."

मग चावडीवरचा शिपाई आला. दारूखान्यातल्या लोकांना तांब्याचे बिल्ले मिळणार होते. गळ्यात घालायचे, म्हणजे चोर नव्हे हे कळेल. बिल्ल्याशिवाय तुटका हात दिसला, तर माणूस शहराबाहेर. शेवटचं वाक्य तो भिवाकडे बघत बोलला.

चावडीवर कारकुनाने बिल्ला वरूनच टाकला. शिवायला नको. "घे. आजपासून तू भली बाई."

"महाराज, कालपतुर नव्हते व्हय?"

"काल कुणाला ठाऊक होतं?"

मी तो गळ्यात घातला. सुतळी मानेला काचत होती.

"आणि भिवा?"

"तो चोर."

"त्यानं हात दिला की. आता काय राहिलं द्यायचं?"

कारकून हसला. "बिल्ला काढलास तर त्याच्याच वाटेने जाशील."

मी बिल्ला काढला. पायरीवर ठेवला. पदर खोचला, हात उघडा केला.

बाहेर भिवा संतापला. "घाल परत, येडे!" हसनचाचाने आपला बिल्ला गळ्यातून ओढून फेकला. "टोचतंच हे, बेटी."

शिपायांनी आम्हाला त्याच बाजारातून नेलं. या वेळी कुणी हसलं नाही. लोक दारं लावून घेत होते. मग मागे वेस बंद झाली.

नवं राज्य आलं तेव्हा परतले. छावणीतल्या मडमेकडे इंग्रजी शिकले, डाव्या हाताने गिरवून. आता तुम्ही एडनहून लिहिता, आजी, फोटो काढून पाठव, पण हात शालीत घे. भिंतीवर लावायचा आहे, लोक बघतील.

फोटो पाठवते आहे. हात उघडा आहे. झाकायचा असेल, तर भिंतीवर लावू नका.