गाऱ्हाण्यातून गाळलेला भाऊ

गेल्या वर्षी गणपतीत गाऱ्हाणं घालताना मी मधेच अडलो. आमच्या चारकोपच्या घरी थोरल्याने हातात नारळ धरून एकेका घराचं नाव घेत देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही वडिलांपासूनची रीत. चार वाक्यांनंतर पाटी कोरी. धाकट्या भावाने जरा थांबायचं तरी? त्याने माझ्या हातातून नारळ काढून घेतला. म्हणाला, "दादा, तू बस. तुझी बॅटरी डाऊन झाली." सगळे हसले, माझी बायकोसुद्धा. पुढचं गाऱ्हाणं त्याने घातलं, तेही निम्मं चुकीचं.

गॅस बंद करायला विसरायचो, किल्ली विसरायचो, शेजाऱ्यांची नावं विसरायचो. तो नारळ मात्र विसरलो नाही.

मुलगी मला अंधेरीच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. तिथे डोक्याला बाहेरून चुंबक लावून मेंदूला चालना देतात. डॉक्टरबाई सरळ बोलल्या, कुणाला फरक पडतो, कुणाला नाही, गॅरंटी देणार नाही. मग विचारलं, डोक्यात किंवा डोळ्यात धातूचा कण वगैरे? साकीनाक्याच्या वर्कशॉपात मी तीस वर्षं लेथवर काढलेली. एक्स-रे काढल्याशिवाय त्यांनी खुर्चीत बसू दिलं नाही.

मुलीला वाटत होतं, बाबांना बरं व्हायचंय. मला सूड घ्यायचा होता. कपाळाच्या डाव्या बाजूला ते यंत्र टेकवत आणि कुणी टिचक्या माराव्यात तसं टकटक सुरू व्हायचं. कानांत बोळे घालून मी ओठातल्या ओठात गाऱ्हाणं घोकायचो. मशीन चालवणारी पोरगी म्हणाली, "काका, जप करा, पण मान हलवू नका." धाकट्याचं घर आलं की ते गाळून मी पुढे जायचो. सगळ्यांदेखत देवाकडे त्याच्यासाठी काहीच मागायचं नाही, एवढाच बेत. सहा आठवडे मी तोच पक्का केला.

चुंबकाने म्हणा की घोकंपट्टीने, यंदा एकदाही अडलो नाही. गावच्या देवापासून परदेशातल्या भाच्यापर्यंत सगळे आले. धाकट्याला मी पूर्ण शुद्धीत गाळलं. शेवटचं 'व्हय म्हाराजा' झालं आणि मी त्याच्याकडे बघितलं. म्हटलं, आता जळ.

तो जळला नाही. जवळ आला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "दादा, आमचा घर ऱ्हवला. इसराक होता असा. माझा पण होता हल्ली." मुलीने तोंड फिरवलं. सहा आठवडे रोज तीच मला रिक्षाने नेत होती. तिचे डोळे भरले होते.

मुद्दाम गाळलं म्हणावं, तर देवापुढे सख्ख्या भावाचं वाईट चिंतलं असं होणार. गप्प बसावं, तर म्हातारा कामातून गेला. खरं सांगतो, मला त्याची दया आली नाही. रागच आला. माझा सूडसुद्धा त्याने पोटात घातला होता.

मी नारळ परत उचलला. "विसरलो," म्हणालो. मग तो, त्याची बायको, मुलगा, सून, नात, एकेकाचं नाव घेऊन मागितलं. एकही चुकलं नाही. सगळ्यात मोठ्याने 'व्हय म्हाराजा' तोच म्हणाला.

सोमवारी मुलीने डॉक्टरबाईंना फोन केला. मी शेजारीच बसलो होतो. ती म्हणाली, "नाही हो, काही फरक नाही. सख्ख्या भावाला विसरले."